सर्व्हरची जोडीनं पूजा

ज्या माणसाला स्वतःच्या घरातला फ्यूज कुठल्या भिंतीवर आहे ते माहीत नसतं, तो एखाद्या ट्रस्टचा अध्यक्ष झाला की त्याला सर्व्हरमधलं सगळं कळायला लागतं. हे ज्ञान मला कॉलेजात मिळालं नाही. सातारा ते सांगली या रस्त्यावर इतकी वर्षं गाडी हाकून मिळालं.

माझा धंदा ऑफिसांतल्या टेलिफोनचा. तुम्ही एखाद्या हॉस्पिटलला फोन लावता, कुणीतरी उचलतं आणि तुम्हाला हव्या त्या माणसाला जोडून देतं. त्यामागे पूर्वी भिंतभर तारांचं जंजाळ असायचं. आता एक काळी चपटी पेटी असते, तिला सर्व्हर म्हणतात. तिच्याखाली रॅकमध्ये तशीच दुसरी पेटी असते, ती बॅकअप. पहिली मान टाकेल त्या क्षणी दुसरीनं काम उचलायचं, आणि एवढ्याचसाठी ती रात्रंदिवस चालू ठेवायची. या पेट्यांमधलं सॉफ्टवेअर जुनं झालं की ते नवं करायला मी साताऱ्याहून निघते. लोक दारात मला बघतात आणि माझ्या मागे इंजिनियर येतोय का ते बघतात. मागे कुणी नसतं.

या कामाचा नियम एकच आहे. आधी बॅकअपवर नवं सॉफ्टवेअर घालायचं आणि ती नीट चालते का बघायचं. मग सगळे फोन तिच्यावर वळवायचे, आणि त्यानंतरच मुख्य पेटीला हात लावायचा. दोन्ही पेट्या एका वेळी कधीही बंद करायच्या नाहीत. घरातल्या दोन्ही चुली एकदम पाडून कुणी नव्या घालत नाही, निदान एकीवर भात शिजत ठेवतो. इतकं साधं आहे. पण गोष्ट साधी असली की ती लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं बाई काहीतरी लपवते आहे.

हे फक्त आपल्या इकडच्या ट्रस्टांचं आहे असंही कुणी समजू नये. शिरवळला एका कारखान्यात मी जाते. काचेची दारं, आरशासारखी फरशी, गेटवर माझा फोटो काढून गळ्यात पट्टा अडकवतात. तिथला मॅनेजर मला प्रत्येक वेळी इंग्रजीतून सांगतो की धोका अजिबात चालणार नाही. कामाआधी त्याच्या बैठका होतात, बैठकांच्या आधी बैठकीची बैठक होते. आणि एकदा मी रॅकच्या मागे वाकून बघितलं तर बॅकअपचा प्लग काढून तिथे चहाची किटली लावलेली. किती महिने, ते कुणाला माहीत नव्हतं. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "पण मॅडम, पेटी तर जागेवर आहे ना!" त्या दिवशीचा चहा मी नाकारला.

तर सांगलीचं ते हॉस्पिटल. धर्मादाय ट्रस्टचं आहे, औषधपाणी चांगलं आहे, डॉक्टर मन लावून काम करतात. तिथल्या फोनवर सगळा मुलूख अवलंबून. शिराळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर साप चावला की पहिला फोन इथे येतो. त्या फोनचं एक्सचेंज आणि ऑपरेटरची खोली तळघरात आहे, एक्स-रेच्या खोलीला लागून. भिंती अशा जाड की तिथे मोबाईलला रेंजची एक काडीही येत नाही.

त्या खोलीत ऑपरेटर काकू बसतात. काकू माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शिराळ्याच्या बाजूच्या, घरी ऊस आहे, नवरा फौजेत होता आणि आता नाही. कानाला हेडफोन लावून, फोन जोडायच्या बोर्डासमोर बसून त्या दिवसभर एकच वाक्य म्हणतात, "बोला, कुनाला जोडू?" त्यांचा एकुलता मुलगाही फौजेत गेला. तेव्हा त्याला कुठेतरी उंचावर, बर्फात पाठवलेलं होतं. कुठे ते तो सांगत नव्हता आणि काकू विचारत नव्हत्या. तिथे मोबाईल चालत नाही. पलटणीचा एक फोन असतो आणि त्यावर बोलायला पाळी येते. पाळी कधी येईल ते हवामानावर. काकूंच्या मोबाईलला तळघरात रेंज नाही, बोर्ड सोडून वर जाता येत नाही, आणि घरी फोन केला तर तो उचलायला कानानं अधू झालेली सासू. म्हणून पोरगा हॉस्पिटलच्या नंबरावरच फोन करायचा. तो नंबर त्याला लहानपणापासून पाठ होता.

यंदा मी त्यांच्याकडे अपग्रेड करायला गेले तेव्हा अध्यक्षांनी मला आधी वर बोलावून घेतलं. अध्यक्ष म्हणजे ऊसवाले, वर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, गळ्यात चेन, आणि वागण्यात एक प्रकारचा गोडवा, जो समोरचा ऐकतो आहे तोवरच टिकतो. सचिव त्यांच्या खुर्चीच्या मागे उभे. सचिवांचं काम माना डोलवण्याचं.

"ताई, अपग्रेड म्हंजे मशीन नवंच झालं म्हनायचं न्हवं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी म्हटलं, मशीन तेच, आतलं सॉफ्टवेअर नवं.

"त्येच त्ये. मंग नव्या वस्तूची पूजा नको? अक्षय तृतीयेला करू. हॉलमधी, पाव्हनं बोलवून. पेपरवाल्यास्नी बी सांगतो."

मी म्हटलं पूजा करा, मी प्रसादाला थांबेन. रॅकसमोर उदबत्ती लावा आणि हार घाला. तर म्हणाले, तळघरात कसली पूजा? दोन्ही पेट्या काढून हॉलमध्ये चौरंगावर मांडायच्या, गुरुजी मंत्र म्हणतील आणि मुहूर्ताला अध्यक्ष स्वतःच्या हातानं बटण दाबतील. दोन्ही पेट्यांचं एकदम.

मी चूल आणि भाताचं सगळं समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यावर अध्यक्ष हसले आणि लहान मुलाला सांगावं तसं मला म्हणाले, "आवं ताई, मुख्य मशीन म्हंजे नवरा. बॅकअप म्हंजे बायकू. एकट्या नवऱ्याला कुनी पाटावर बसवतंय व्हय? जोडीनं बसल्याबिगार पूजा पुरी हुत न्हाई."

बायको म्हणजे बॅकअप, हे ऐकून सचिव खुदकन हसले. मी नाही हसले. माझा नवरा साताऱ्यात माझ्या दुकानाचा हिशोब सांभाळतो, त्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तोही हसला नाही, शहाणा आहे.

"साहेब, तेवढा वेळ हॉस्पिटलचे सगळे फोन बंद राहतील," मी म्हटलं.

"घंट्याभराचा तर सवाल हाय. तेवढ्यात कोन मरतंय व्हय?"

हॉस्पिटलचा अध्यक्ष हे वाक्य बोलला. खाली अपघात विभागाच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती, तिचा दिवा त्यांच्या खिडकीच्या काचेवर फिरत होता, आणि हा गृहस्थ विचारत होता कोण मरतंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझी मतं ऐकायला त्यांनी मला बोलावलंच नव्हतं. सचिव तोवर पत्रिकेत कुणाचं नाव वर घालायचं ते विचारू लागले होते.

मी खाली तळघरात आले. काकूंना बातमी आधीच लागली होती. हॉस्पिटलात बातमी फोनशिवायही पोचते.

"ताई, फोन बंद पडनार हाईत म्हनं?" त्यांनी विचारलं.

"का हो काकू?"

त्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सांगितलं. मुलाच्या पलटणीतला एकजण सुट्टीवर आला होता, त्यानं निरोप आणला होता. मधे मुलाला वर श्वासाचा त्रास झाला, खाली आणून इस्पितळात ठेवलं, आता बरा आहे आणि परत वर गेला. अक्षय तृतीयेच्या सुमाराला त्याची फोनची पाळी होती. तेव्हा तो नक्की लावणार होता.

"दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलंय बरा हाय म्हनून," काकू म्हणाल्या. "त्येचा आवाज ऐकला की मला कळंल बरा हाय का न्हाई. आईला कळतंय. पाळी गेली तर मंग परत कवा, द्येव जानं."

मी त्यांना म्हटलं, फोन बंद पडणार नाही. कसा ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गाडीपाशी गेले, डिकी उघडली आणि मला ते दिसलं. शिरवळच्या त्याच कारखान्यानं मोडीत काढलेली एक जुनी पेटी मी सुट्या भागांसाठी आणली होती. भाग काढून झाले होते, राहिलं होतं नुसतं खोकं. आत काही नाही, बाहेरून मात्र हुबेहूब बॅकअप. काळी, चपटी, पुढे दिव्यांची भोकं. मी ते पुसून घेतलं आणि मनात म्हटलं, घ्या साहेब, बायको.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅकअपचं काम उरकून घेतलं. नवं सॉफ्टवेअर घातलं, तपासलं, सगळे फोन तिच्यावर वळवले. कुणाला काही कळलंही नाही, आणि चांगल्या कामाची हीच खूण असते. तिच्यावर मी ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवली, "चालू आहे. हात लावू नये." सचिवांना खाली आणून दाखवलं आणि बजावलं की रॅकमधल्या या पेटीला कुणी शिवायचं नाही. त्यांनी मान डोलावली. मग मुख्य पेटी काढली, ते खोकं तिच्यावर ठेवलं आणि दोन्ही वर हॉलमध्ये पाठवली.

दुसऱ्या दिवशीचा थाट बघण्यासारखा होता. चौरंगावर दोघं शेजारी शेजारी. मुख्य पेटीवर उपरणं, खोक्यावर खण. दोघांना हळदकुंकू, झेंडूचे हार, पुढे विडा-सुपारी. गुरुजींनी उपरण्याची आणि खणाची गाठ मारली, ती नेमकी मुख्य पेटीच्या पंख्यावर आली. मी ती बाजूला सारली, त्यांनी ती परत मधे आणली. मंत्र म्हणताना ते पळीनं पाणी शिंपडत होते आणि मी पेटीच्या भोकांवर तळहात धरून बसले होते. लोकांना वाटलं बाई भारी भाविक आहे. खोक्यावर मात्र मी मनसोक्त पाणी पडू दिलं.

पेटीला वीज दिली होती मांडववाल्याच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डातून. त्याच बोर्डावर लाऊडस्पीकर, त्याच्यावरच रंगीत दिव्यांच्या माळा. मी स्वतंत्र लाईन मागितली होती. सचिवांनी मान डोलावली होती.

मुहूर्त आला. अध्यक्षांनी टोपी सारखी केली, फोटोग्राफरकडे बघितलं आणि बटणाकडे न बघता बटण दाबलं. पेटीला जोडलेल्या पडद्यावर निळी रेघ हळूहळू पुढे सरकायला लागली. ती पूर्ण होईपर्यंत पेटीची वीज जाता कामा नये, एवढंच महत्त्वाचं असतं. रेघ अर्ध्यावर आली आणि अध्यक्षांचं भाषण रंगात आलं. आपला भाग कसा मागे राहिलेला नाही, पुण्या-मुंबईच्या कुठल्याही हॉस्पिटलात जोडीनं सर्व्हर नसेल, असं चाललं होतं. तेवढ्यात मागे कुणीतरी कॉफीचं मशीन लावलं. त्याच बोर्डावर. खटकन् सगळं गेलं. माळा गेल्या, स्पीकर गेला, पडदा काळा झाला.

मुख्य पेटी त्या क्षणी निकामी झाली. मला ते कळलं, आणखी कुणाला नाही.

"झालं?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. इतक्या जोरात टाळ्या मी चांगल्या कामाला कधी ऐकल्या नाहीत.

आता शुभारंभाचा फोन. हार घातलेला एक फोन टेबलावर मांडला होता. अध्यक्षांनी रिसीव्हर उचलला, ऑपरेटरचा नंबर फिरवला आणि कान देऊन उभे राहिले. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू घट्ट होत गेलं. त्यांनी ठेवला आणि परत फिरवला.

"एंगेज लागतोय," ते म्हणाले. "कोन बोलतंय खाली एवढा येळ?"

मी म्हटलं बघून येते, आणि जिना उतरून गेले. तळघरात बोर्डाचे दिवे लुकलुकत होते. काकू दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि आवाज मात्र रागावलेला होता. "व्हय, पन जेवतोस का न्हाई? खरं सांग. आवाज बसलाय तुजा. न्हाई कसा, बसलाय." मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि वर आले.

"पेशंटचा फोन आहे साहेब, बाहेरगावचा," मी अध्यक्षांना सांगितलं.

गुरुजी लगेच म्हणाले, "बघा, पूजा संपली न संपली तोच फोन सुरू झाले!" अध्यक्षांचा चेहरा खुलला. सगळा हॉल हसला. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची मी चटणी केली.

मुख्य पेटी मी साताऱ्याला नेऊन दुरुस्त केली, आणून रॅकमध्ये बसवली आणि कामाला लावली. खाली बॅकअप होतीच, तिच्या चिठ्ठीसह. खोकं परत मागायला वर गेले तर ते ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवलेलं. पूजा झालेली वस्तू, गुरुजी म्हणाले होते ती ऑफिसातच ठेवा, बरकत येईल. पुढे पितळी पणती. आपल्याकडे चांगले कप जसे पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये राहतात आणि घरातले लोक तडा गेलेल्या कपातून चहा पितात, तसं ते बॅकअप होऊन बसलं. मी सचिवांना परत बजावलं, खरी ती खाली आहे, ती चालू आहे, तिला शिवू नका. सचिवांनी मान डोलावली. कपाटातलं नुसतं खोकं आहे हे मी तेव्हाच सर्वांसमोर सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणो. दोन डोळे असलेल्या माणसाला वायर नसलेली पेटी दिसत नसेल तर त्याला मी आणखी काय दाखवायचं?

नागपंचमीच्या आसपास पाऊस लागून राहिला होता, वीज दिवसभर येत-जात होती. सकाळी सचिवांचा माझ्या मोबाईलवर फोन आला. मुख्य मशीन बंद पडलं आहे, सगळे फोन गेले आहेत, पण काळजी नाही, बॅकअप कपाटात आहे, तेवढी येऊन जोडून द्या.

मी म्हटलं, बॅकअप आपोआप चालू व्हायला पाहिजे होती, खाली रॅकमध्ये बघा. सचिव म्हणाले, "खालची होय? ती जादाची पेटी? ती नाही आता."

मी रस्ताभर तोंडानं काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोचले आणि सरळ तळघरात गेले. रॅकमध्ये खालची जागा रिकामी. काकू बोर्डासमोर बसल्या होत्या. एकही दिवा लागलेला नव्हता आणि त्यांच्या कानाला हेडफोन तसाच होता.

"आज त्येची पाळी हाय ताई," त्या म्हणाल्या. "मागल्या टायमाला त्यानंच सांगितलं हुतं, पंचमीच्या अंगाला. खाली आनत्यात का अजून वरच ठेवत्यात, त्ये आज कळनार हुतं."

मी तडक वर गेले.

वर हकीकत कळली ती अशी. ट्रस्टच्या कागदावर पेट्या दोन. एक रॅकमध्ये वर, दुसरी पूजेची, कपाटात. मग रॅकमधली खालची कुठली? ती जादाची. तीन महिने फुकट वीज खात पडून आहे. अध्यक्षांच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवायला एक मशीन पाहिजेच होतं. नेली उचलून. आतलं सगळं पुसून तिच्यात कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर घातलं.

अध्यक्षांच्या खोलीत विश्वस्तांची बैठक चालू होती. मी आत गेले तेव्हा सचिव माझ्या मागोमाग कपाटातलं खोकं दोन्ही हातांवर तोलून घेऊन आले, ताजा हार घातलेलं.

"ह्ये बघा आलं," अध्यक्ष म्हणाले. "ताई, झटक्यात जोडा."

मी त्यांच्या टेबलावरच ठेवायला सांगितलं. हार काढला, खण काढला, पर्समधला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, कुंकू लागलेल्या अक्षता होत्या आणि उदबत्तीची राख. बाकी काही नव्हतं. एका विश्वस्तानं चष्मा लावून वाकून बघितलं आणि परत काढला.

अध्यक्षांनी आतली राख बोटानं चाचपून बघितली. मग म्हणाले, "मंग इतकं दिस आमी पूजा कशाची केली?"

"ते तुम्हालाच माहीत," मी म्हटलं. "तुमची बॅकअप बेदाणे राखते आहे. ती आणा."

पेटी टेम्पोतून आली तेव्हा दुपार झाली होती. तिला बेदाण्याचा गोड वास येत होता. माझी चिठ्ठी तिच्यावर अजून जशीच्या तशी होती, "चालू आहे. हात लावू नये." मी तळघरात जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं घालायला लागले. हे काम रेटून लवकर होत नाही. निळी रेघ तिच्याच गतीनं जाते, मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या. मी शिव्या दिल्या. वरून माणसं येऊन येऊन विचारून जात होती, झालं का. अपघात विभागातली नर्स स्वतःचा मोबाईल घेऊन पावसात अंगणात उभी राहून फोन घेत होती. काकू काहीच विचारत नव्हत्या. जेवायलाही उठल्या नाहीत. दर थोड्या वेळानं त्या हेडफोन कानावर नीट बसवायच्या, जणू तो सैल असल्यामुळेच काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा बोर्डावरचे दिवे एकेक करून लागले. मी मान वर केली. काकू ताठ बसल्या होत्या. मी म्हटलं, झालं काकू, चालू झाला. आणि तेवढ्यात बोर्ड वाजला.

बाहेरचा फोन होता. काकूंनी नंबर बघितला नाही, "बोला, कुनाला जोडू" म्हटलं नाही. एकदम म्हणाल्या, "बोल रं बाळा. आई हाय. सकाळधरनं बसलीया तुज्यासाटनं. कसा हाईस?"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. हेडफोनमधून तो मलाही ऐकू आला, इतकी खोली शांत होती.

"मी बोलतोय... अध्यक्ष. मोबाईलवरनं. बाहेरनं लागतोय का त्ये बघत हुतो."

"लागतोय साहेब," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्ष तळघरात पहिल्यांदाच येत असावेत, दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. आत आले नाहीत. मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, कुणाचा फोन येणार होता? मी सांगितलं. पोरगा कुठे आहे ते, पाळीचं, श्वासाच्या त्रासाचं, आणि पूजेच्या दिवशी त्यांचा शुभारंभाचा फोन कुणामुळे एंगेज लागत होता तेही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मंग त्यो फोन आता परत कवा येनार?"

"ते गुरुजींना विचारा," मी म्हटलं. "मुहूर्त तेच काढतात."

ते टोपी हातात घेऊनच जिना चढून गेले. मी आत जाऊन माझी हत्यारं पिशवीत भरायला लागले. काकूंची पाळी केव्हाच संपली होती, रात्रपाळीची ऑपरेटर येऊन मागे उभी होती. काकूंनी हेडफोन काढला नव्हता.